क्रोम अपडेट करू की नको? अंगठा बंद पडला तर रांगेला काय सांगू?

दादा नमस्कार. आमचं सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी सेवा केंद्र आहे. दाखले, सातबारा, स्कॉलरशिपचे फॉर्म, आधारवरून पैसे काढून देणं, सगळं चालतं. कॉम्प्युटर दोन, एक विंडोज १० चा आणि एक खूप जुना विंडोज ७ चा. दिवाळीनंतर एक दिवस सकाळी क्रोम आपोआप अपडेट झाला आणि थंब मशीन साइटला दिसेनाच. बाहेर पंधरा-वीस माणसं, त्यात निराधारचे पैसे काढायला आलेल्या म्हाताऱ्या बायका. वायर काढून घातली, कॉम्प्युटर तीनदा बंद-चालू केला, काही उपयोग नाही. संध्याकाळी पुतण्याने कुठूनतरी जुनं क्रोम आणून टाकलं आणि अपडेट कायमचं बंद केलं, तेव्हापासून व्यवस्थित चाललंय. पण आता काही साइट उघडताना ब्राउझर जुना झालाय म्हणून मेसेज येतो. मिस्टर म्हणतात चाललंय ते चालू दे. सातवाल्यावर तर वर पट्टीच असते, पुढचे अपडेट पाहिजेत तर विंडोज १० लागेल म्हणून. काय करू? सगळं क्रोम काढून नवीन टाकू का?

ताई, मिस्टरांना माझा नमस्कार सांगा आणि या बाबतीत त्यांचं ऐकू नका. अपडेट करा. फक्त आज करू नका, आणि क्रोम काढून तर अजिबात टाकू नका, का ते पुढे सांगतो. पण आधी तो दिवाळीनंतरचा दिवस बघू, कारण सगळी भीती तिथूनच आलीय, दुधाने तोंड पोळलं म्हणून तुम्ही ताक फुंकून पिताय आणि तुमच्या जागी मी असतो तर मीही फुंकलं असतं.

दिवाळीनंतर म्हणालात तेव्हाच माझ्या डोक्यात आलं. क्रोमचं १४२ नंबरचं व्हर्जन २८ ऑक्टोबर २०२५ ला आलं आणि त्यात एक नवीन गोष्ट आली. आता तुमचं थंब मशीन कसं चालतं ते बघा. अंगठा थेट साइटकडे जात नाही. तुमच्या कॉम्प्युटरवर आरडी सर्व्हिस नावाचा एक छोटा प्रोग्रॅम गुपचूप चालू असतो, मशीन बसवताना कंपनीचा पोरगा टाकून गेला असेल तोच. तो स्वतःच्याच कॉम्प्युटरच्या आतल्या पत्त्यावर, म्हणजे १२७.०.०.१ वर, ११,१०० ते ११,१२० यांपैकी एका पोर्टवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या एका दारावर, बसलेला असतो. तुम्ही साइटवर कॅप्चर दाबलं की ते वेबपेज ही वीस-एकवीस दारं एकेक करून वाजवतं, ज्या दारातून ओ येते तिथे अंगठा मागतं. इतकी वर्षं हे दार वाजवताना क्रोम तुम्हाला विचारत नव्हता. १४२ पासून क्रोम आधी तुम्हाला विचारतो, की ही साइट तुमच्या लोकल नेटवर्कवरच्या डिव्हाइसशी बोलू पाहतेय, अलाऊ करू की ब्लॉक?

आणि आपण काय करतो? समोर माणूस उभा, तिकडे ओटीपीची वेळ संपत आलेली, वर डाव्या कोपऱ्यात एक चौकट उगवते, आपल्याला वाटतं नोटिफिकेशनचं नेहमीचं लफडं असणार, आणि हात सवयीने ब्लॉकवर जातो. झालं. क्रोमने त्या साइटसाठी ते लक्षात ठेवलं. आता वायर काढून घाला नाहीतर कॉम्प्युटर दहा वेळा चालू करा, मशीनमध्ये बिघाड नाहीच तर तो दुरुस्त होणार कुठून, साइटला दारापर्यंत जाऊच देत नाहीये.

मी तुमचा कॉम्प्युटर बघितलेला नाही, त्यामुळे हा अंदाजच आहे, पण दिवाळीनंतर, अपडेटनंतर, मशीन साइटला दिसत नाही, हे तिन्ही एकत्र आलं की मी दुसरीकडे शोधायला जाणारच नाही. उपाय दोन मिनिटांचा आहे. ज्या साइटवर अंगठा घेता ती उघडा, वर पत्ता लिहितो त्या पट्टीच्या अगदी डाव्या टोकाला एक छोटं चिन्ह असतं, दोन आडव्या पट्ट्या आणि त्यावर गोल असं काहीतरी, ते दाबा. त्यात परवानग्या दिसतील, लोकल नेटवर्क किंवा या डिव्हाइसवरची ॲप्स असं काही लिहिलेलं असेल (व्हर्जनप्रमाणे शब्द थोडे बदलतात), ते चालू करा आणि पेज रिलोड करा. हे प्रत्येक साइटसाठी वेगळं करावं लागतं. पैसे काढायची साइट एक, केवायसीची दुसरी, तर दोन्हीकडे. आणि डिजिटल सिग्नेचरचा टोकन लावून सही करत असाल तर त्याचाही प्रोग्रॅम बहुतेक असाच कॉम्प्युटरच्या आत बसून ब्राउझरशी बोलतो, तिथेही हाच प्रश्न येऊ शकतो.

क्रोमने हा खोडसाळपणा म्हणून केलेला नाही बरं का. जे दार तुमची साइट वाजवू शकते ते कुठलीही भुरटी साइटही वाजवू शकत होती, तुमचा राउटर, प्रिंटर, आत चालू असलेले प्रोग्रॅम सगळं चाचपून बघू शकत होती, आणि तुम्हाला पत्ताही लागला नसता. आता विचारतात हे बरंच आहे. पण तो प्रश्न इतक्या अवघड भाषेत आणि इतक्या चुकीच्या वेळी विचारतात की गावातल्या केंद्रात बसलेल्या बाईने तो बरोबर ओळखावा ही अपेक्षा मला जरा जास्तच वाटते.

आता पुतण्याचं बघू. पोरगा कामाचा आहे, संध्याकाळपर्यंत धंदा चालू करून दिला हे मानलं पाहिजे. पण त्याने ते जुनं क्रोम आणलं कुठून? साध्या वापरणाऱ्याला गूगल जुनं व्हर्जन डाऊनलोडला देत नाही, म्हणजे ते तिसऱ्याच कुठल्या साइटवरून आलंय, आणि त्यात क्रोमसोबत अजून काय आलं हे पुतण्यालाही सांगता येणार नाही. ज्या ब्राउझरमध्ये तुम्ही लोकांच्या बँकेतले पैसे काढता तो असा रस्त्यावरचा? मला हे वाचून खरंच धस्स झालं. निदान पूर्ण कॉम्प्युटर एकदा विंडोजच्या अँटिव्हायरसने, फुल स्कॅन लावून, रात्रभर तपासून घ्या.

दुसरं म्हणजे अपडेट कायमचं बंद. लोकांना वाटतं अपडेट म्हणजे नवीन रंग, नवीन बटणं, असलेल्या बटणांची जागा बदलणं. तेही असतं, आणि त्याचा मलाही वैताग येतो. पण व्हर्जन नंबर नीट बघितलात तर टिंबं देऊन चार आकडे असतात. पहिला बदलतो ते मोठं व्हर्जन, २०२१ मध्ये ते सहा आठवड्यांवरून चार आठवड्यांवर आणलं. शेवटचा आकडा बदलतो त्यात मात्र बहुतेक वेळा सुरक्षेतली भोकं बुजवलेली असतात, आणि ती २०२३ च्या ऑगस्टपासून दर आठवड्याला बुजवायची असं गूगलने ठरवलं. यात गंमत अशी की क्रोम ज्यावर उभा आहे त्या क्रोमियमचा कोड उघडा असतो. भोक बुजवलं की काय बुजवलं हे जाणकाराला वाचता येतं. म्हणजे नवीन कुलूप बसवलं आणि जुनं कुलूप कसं उघडत होतं त्याचा कागद चावडीवर लावला असं समजा, ज्यांनी कुलूप बदललं ते निवांत, आणि तुमच्या दाराला अजून जुनंच आहे.

एक उदाहरण देतो म्हणजे लक्षात येईल. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये वेबपी नावाच्या फोटोच्या फॉरमॅटमध्ये भोक सापडलं. फोटो उघडून दाखवणारा जो कोडचा तुकडा असतो त्यातच चूक होती, मुद्दाम बिघडवलेला फोटो ब्राउझरने नुसता दाखवायला घेतला तरी समोरच्याला आत शिरायला वाट मिळू शकत होती. आणि ते कागदावरचं नव्हतं, सापडलं तेव्हा त्याचा वापर चालू होता. तोच तुकडा फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरमध्येही होता आणि आणखी कितीतरी प्रोग्रॅममध्ये, सगळ्यांना धावपळ करून अपडेट काढावं लागलं. आता तुमच्या टेबलावर दिवसभर काय चालतं? व्हॉट्सॲप वेब उघडं, गिऱ्हाईक उभ्या उभ्या आधारचा फोटो पाठवतोय, रेशन कार्डाचा फोटो पाठवतोय, तो कुठून आला हे त्यालाही माहीत नाही आणि तुम्ही उघडून प्रिंट देताय. घरी बसून बातम्या वाचणाऱ्याने अपडेट चार दिवस लांबवलं तर मी काही बोलत नाही, पण सेवा केंद्राचं तसं नाही, तुमच्याकडे अख्ख्या गावाचे कागद येतात.

तर करायचं कसं. वार निवडा. ज्या दिवशी बँका बंद, केंद्राला गर्दी नाही असा रविवार. फॉर्मची शेवटची तारीख चालू असताना नाही, दहावी-बारावीचे निकाल लागून दाखल्यांची झुंबड असते त्या पंधरवड्यात तर नाहीच. दुसरं, आदल्या दिवशी फायरफॉक्स टाकून ठेवा, त्यांच्या स्वतःच्या साइटवरून. विंडोजसोबत येणारा एज ब्राउझर आहेच की म्हणाल, पण एजच्या खालचं इंजिन क्रोमचंच आहे, क्रोमला सर्दी झाली की एज शिंकतो. फायरफॉक्सचं इंजिन वेगळं आहे, त्यामुळे एखादी साइट क्रोममध्ये अडली तर ती फायरफॉक्समध्ये उघडून बघता येतं की घोळ साइटचा आहे की ब्राउझरचा. काही सरकारी साइट फायरफॉक्समध्ये नीट चालणार नाहीत हेही सांगून ठेवतो, पण अडल्या वेळेला दुसरा दरवाजा असलेला बरा.

मग बुकमार्क. बुकमार्क मॅनेजरमध्ये जाऊन एक्सपोर्ट करा, एक फाईल तयार होते, ती पेनड्राइव्हवर. पासवर्डचीही तशी फाईल काढता येते पण ती साध्या एक्सेलसारखी उघडते, कुलूप नाही काही नाही, ज्याच्या हाताला लागली त्याने वाचावी. तेव्हा काढलीत तर पेनड्राइव्ह कपाटात आणि कॉम्प्युटरवरची फाईल डिलीट, रिसायकल बिनमधूनसुद्धा. साधी वही असेल तर वहीच बरी.

आणि आता ते क्रोम काढून टाकण्याचं. अपडेटसाठी काढायची गरजच नसते, नवीन व्हर्जन जुन्यावरच बसतं. अगदीच पुतण्याच्या व्हर्जनचा भरवसा वाटत नसेल, आणि वाटू नयेच, तर गूगलच्या साइटवरून क्रोमचा इन्स्टॉलर घ्या आणि त्याच्यावरच चालवा. तरीही काढायची वेळ आलीच तर तेव्हा एक छोटी चौकट येते, तुमचा ब्राउझिंग डेटाही डिलीट करू का म्हणून, तिच्यावर टिक करू नका. मी केली होती. सासऱ्यांचा कॉम्प्युटर, क्रोम हळू चालतंय म्हणून काढून नवीन टाकू म्हटलं, आणि साफसफाईच्या उत्साहात टिक केली, सिंक, म्हणजे गूगल खात्यात प्रत ठेवणं, चालू नव्हतं. त्यांचे वीजबिल, पेन्शन, दोन बँका, गॅस, सगळे पासवर्ड एका क्लिकमध्ये गेले. माझीच चूक, कुणाला बोलणार. पुढचा अख्खा शनिवार आम्ही दोघं शेजारी बसून फरगॉट पासवर्ड करत होतो आणि ते दर वेळी शांतपणे विचारायचे, आता यात काय सुधारलं म्हणालात?

पुतण्याला बोलवा आणि अपडेट जिथून बंद केलं तिथूनच चालू करायला लावा, विंडोजच्या सर्व्हिसेसमधून केलं असेल किंवा रजिस्ट्रीत काही घातलं असेल, त्यालाच आठवेल. मग क्रोममध्ये वर उजवीकडे तीन टिंबं, हेल्प, अबाउट गूगल क्रोम. हे पान उघडताक्षणी क्रोम स्वतःच अपडेट शोधून उतरवायला लागतो, म्हणून नुसतं बघायचं म्हणून रांग असताना उघडू नका. तिथे अपडेट तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरने बंद केलेत असं लिहून आलं तर समजायचं पुतण्याचं काम अजून तसंच आहे. उतरलं की रीलाँच दाबा. मग स्वतःचा अंगठा लावा. स्वतःच्या खात्याचा बॅलन्स बघा, एक सातबारा काढून बघा, एक प्रिंट मारा. चौकट आली तर नीट वाचा आणि आपल्या ओळखीच्या साइटसाठीच अलाऊ करा. तरीही मशीन दिसत नसेल तर मात्र आरडी सर्व्हिस चालू आहे का, तिचंच नवीन व्हर्जन आलंय का ते मशीनवाल्याला विचारा, रविवार आहे, सोमवार सकाळपर्यंत वेळ आहे हातात. हे सगळं आधी करायचं ते एवढ्यासाठी की नवीनवरून परत जुन्यावर येणं सोपं नसतं, नवीन व्हर्जनने वापरलेलं प्रोफाइल, म्हणजे तुमचे बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग्ज, जुन्याला पचेलच असं नाही, पुतण्याचं एकदा जमलं म्हणजे पुढच्या वेळी जमेल असं धरू नका.

जाहिराती अडवायचं एक्स्टेंशन वापरत असाल, यूब्लॉक ओरिजिन वगैरे, तर ते नवीन क्रोममध्ये चालणार नाही. गूगलने एक्स्टेंशनचे नियम बदलले, २०२५ मध्ये जुन्या पद्धतीची सगळी बंद पडली, त्याची लाइट आवृत्ती मिळते पण ती तेवढी दणकट नाही. अपडेटबद्दलची ही एक तक्रार मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. फायरफॉक्समध्ये मूळचं अजून चालतं, तिकडे ठेवा.

साइटवर मेसेज येतो म्हणालात, ब्राउझर जुना झालाय, त्याच्याबद्दल एकच सांगतो. मेसेज खरा असेल किंवा खोटा असेल, त्याच्यातलं बटण दाबून काहीही डाऊनलोड करायचं नाही. ब्राउझर अपडेटच्या नावाखाली व्हायरस गळ्यात मारणं हा फार जुना धंदा आहे. खरं अपडेट त्या तीन टिंबांतूनच येतं. तीन टिंबांच्या जागी रंग दिसला तर तोही खरा, हिरवा म्हणजे अपडेट येऊन दोन दिवसही झाले नाहीत, केशरी म्हणजे चारेक, लाल म्हणजे आठवडा उलटला.

आता सातवाला. त्याचं दुखणं ब्राउझरचं नाहीच. विंडोज ७ चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला संपवला आणि त्यावर चालणारं शेवटचं क्रोम म्हणजे १०९, २०२३ च्या फेब्रुवारीत ११० आलं ते सातवर बसतच नाही. म्हणजे तुम्ही कितीही अपडेट दाबलं तरी काही होणार नाही, पट्टी खरं बोलतेय. फायरफॉक्सने सातवाल्यांसाठी ११५ ची एक शाखा मुदत वाढवत वाढवत पुढे रेटली, पण मुदत वाढवून मिळालेल्यावर किती विसंबायचं. माझं मत विचाराल तर त्या कॉम्प्युटरवरून आजपासून कुठलंही लॉगिन बंद. पैसे नाहीत, आधार नाही, मेलसुद्धा नाही. नेटची वायर काढा आणि स्कॅन, झेरॉक्स, अर्ज टाइप करणं एवढंच त्याला द्या. श्रीलिपीत टाइप करणारे अजून येत असतील तर त्या कामाला तो सोनं आहे.

त्यावर विंडोज १० टाकू का असं पुढचं पत्र येईलच. येण्याआधीच सांगतो, १० चाही नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. क्रोम त्यावर चालतं, पण जुन्या मशीनवर आज पैसे घालून दहा टाकणं म्हणजे उतरणीला लागलेला बैल बाजारातून आणणं. तुमच्या चांगल्या कॉम्प्युटरला एक वर्षाची जादा मुदत मिळू शकते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडून तिथे नोंदवता येते, ते त्याच रविवारी करून टाका. आणि त्यावर विंडोज ११ बसतं का तेही बघून ठेवा. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा. नसेल बसत तर पुढच्या सीझनच्या कमाईतून नवीन मशीनचे पैसे बाजूला काढायला लागा, आणि घेताना विंडोज बिलावर लिहून घ्या, दुकानदार फुकट टाकून देतो म्हणाला तर नको म्हणा.

मिस्टर चिडले तर त्यांना तो अंगठ्याच्या परवानगीचा भाग वाचून दाखवा. बंद पडलं होतं ते का, हे कळलं की माणूस निम्मा शांत होतो.

ता.क. गिऱ्हाइकांचे पासवर्ड सेव्ह करू का असं क्रोम विचारतो तेव्हा तुम्ही होय म्हणता का हो? बहुतेक केंद्रांत म्हणतातच, पुढच्या वर्षी तोच मुलगा स्कॉलरशिपला आला की त्याला आठवत नाही आणि तुमच्याकडे असतो, सोय होते. रविवारी पासवर्डची यादी उघडाल तेव्हा मोजून बघा किती लोकांचे निघतात. मग ते तिथून काढा आणि ज्याचा त्याला कागदावर लिहून द्या.